स्टालिनग्राडच्या कारंज्यावरील बालके

नगरातील कारंजी पाहिली की त्या नगराने कोणाला मान दिला आहे हे बहुधा कळून येते. रोमच्या कारंज्यांवर जलदेवता आणि परमगुरूंची कुलचिन्हे आढळतात. आपल्या मुंबईच्या फोर्ट विभागात १८६४ साली उभारलेल्या कारंज्याच्या माथ्यावर फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता उभी आहे. लहान मुले अशा शिल्पांत दिसतात ती केवळ शोभेपुरती: शंख फुंकणारी किंवा मासा कवटाळून बसलेली गुबगुबीत बाळे. मूल हाच विषय आणि त्याचे खेळणे हाच उत्सव असे मानून घडविलेली कारंजी जगात थोडी. बर्लिनच्या फ्रीड्रिशहाइन उद्यानातील १९१३ सालचे परीकथांचे कारंजे त्यांपैकी एक. दुसरे त्याहून कितीतरी साधे, कलेच्या इतिहासात नाव घेण्याजोगेही नव्हे. परंतु विसाव्या शतकाच्या स्मृतीत ते असे काही रुतून बसले आहे की त्याचा इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

व्होल्गा नदीच्या काठी वसलेल्या या शहराने तीन नावे धारण केली. १५८९ साली ते त्सारित्सिन म्हणून वसले, १९२५ साली स्टालिनग्राड झाले आणि १९६१ पासून ते व्होल्गोग्राड आहे. तेथील रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात १९३९ साली हे कारंजे बसविण्यात आले. गोल हौद, त्याच्या मध्यभागी एक मगर, मगरीभोवती हातांत हात गुंफून फेर धरणारी सहा मुले आणि हौदाच्या कडेने तोंडातून पाण्याच्या धारा सोडणारे बेडूक, एवढाच त्याचा थाट. 'मुलांचा फेर' हे त्याचे नाव. अशा फेराला रशियन भाषेत 'खोरोवोद' म्हणतात. भोंडल्याचा फेर डोळ्यांसमोर आणला म्हणजे आपल्याला त्याची कल्पना येईल. मुले पायोनियर, म्हणजे शासनाच्या बालसंघटनेतील. मूर्तिकार रोमुआल्ड योद्को हे त्या काळी सार्वजनिक उद्यानांसाठी शिल्पे घडवीत असत. हाती वल्हे घेतलेल्या तरुणीची त्यांची मूर्तीही प्रसिद्ध आहे. साच्यांतून प्रती ओतून अशी शिल्पे गावोगाव पाठविण्याची सोव्हिएत पद्धत होती आणि याच घडणीची कारंजी अन्य शहरांतही उभी राहिली. गाडीतून उतरलेल्या प्रवाशाने क्षणभर थांबावे, मुलांनी हौदात हात बुडवावेत, याहून अधिक अपेक्षा त्या शिल्पाकडून कोणी केली नसावी.

लोकांनी मात्र त्याला स्वतःचे एक नाव दिले: 'बार्मालेय'. हे नाव कोठून आले ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. कॉर्नेय चुकोव्स्की हे रशियन बालसाहित्यातील सर्वांचे लाडके कवी. चित्रकार दोबुझिन्स्की यांच्यासमवेत ते एकदा पेत्रोग्राडमधून फिरत असता 'बार्मालेयेवा' नावाची एक गल्ली लागली. हा बार्मालेय कोण असावा, अशी चर्चा सुरू झाली. तो दरोडेखोर असला पाहिजे असे ठरवून चित्रकाराने तेथल्या तेथे त्याचे भयंकर चित्र रेखाटले आणि चुकोव्स्कींनी त्यावर काव्यकथा रचली. ती १९२५ साली प्रसिद्ध झाली. तान्या आणि वान्या ही दोन भावंडे आईवडिलांनी बजावून सांगितले असताही आफ्रिकेला पळून जातात. मुले खाणारा दरोडेखोर बार्मालेय त्यांना पकडतो. जनावरांचा प्रेमळ वैद्य आयबोलित (या नावाचा अर्थच 'अगं आई, दुखतंय') त्यांना सोडवायला येतो, तर बार्मालेय त्यालाही आगीत टाकतो. शेवटी एक मगर येऊन त्या नरभक्षकाला गिळून टाकते.

कथा येथे संपली असती तर ती चारचौघींसारखीच ठरली असती. परंतु मगरीच्या पोटात अडकलेल्या दरोडेखोरासाठी मुलेच रदबदली करतात. तो यापुढे चांगला वागणार असेल तर त्याला सोड, असे ती मगरीला विनवितात. मगर जबडा उघडते, बार्मालेय बाहेर येतो आणि मुलांबरोबर लेनिनग्राडला जाऊन त्यांच्यासाठी गोड पाव भाजू लागतो. धर्मोपदेशाचा लवलेश नसलेल्या या खेळकर कथेत शत्रूच्या परिवर्तनाची केवढी सहज श्रद्धा आहे! सोव्हिएत शिक्षणखात्याला मात्र असल्या कथा रुचत नव्हत्या. चुकोव्स्कींच्याच 'मगर' या दुसऱ्या काव्यकथेवर लेनिनच्या विधवा क्रुप्स्काया यांनी १९२८ साली 'प्रावदा' या पत्रात कठोर लेख लिहिला. त्यानंतर कवीला बरीच वर्षे छळ सोसावा लागला. त्याच काळात, १९३१ साली, त्यांची धाकटी मुलगी क्षयाने अकराव्या वर्षी वारली. आमच्या पिढीतील अनेक मराठी घरांत स्वस्त आणि देखणी सोव्हिएत बालपुस्तके येत असत, हे वाचकांना आठवत असेल. त्या रंगीत पानांमागे अशा कहाण्या होत्या, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

शासनाने पायोनियर बालकांचे कारंजे बसविले आणि जनतेने त्यात चुकोव्स्कींची मगर पाहिली. हा छोटासा विनोद आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण त्या शासनाला बालपणाची प्रतिमा फार हवी होती. आनंदी बालपणाबद्दल स्टालिनचे आभार मानणारी घोषणा तेव्हा शाळाशाळांतून लावलेली असे. १९३६ साली क्रेमलिनमध्ये गेल्या मार्किझोवा या बुर्यात मुलीने स्टालिनला पुष्पगुच्छ दिला. त्याने तिला उचलून घेतले. ते छायाचित्र देशभर गेले आणि लाव्रोव या मूर्तिकाराने त्यावरून शिल्पही घडविले. पुढच्याच वर्षी तिच्या वडिलांना अटक झाली आणि १९३८ साली त्यांना गोळी घालण्यात आली. शिल्प जागच्या जागी राहिले. फक्त त्यातील मुलीचे नाव बदलण्यात आले. त्याच १९३७ च्या ऑगस्टमध्ये 'देशद्रोही' ठरविलेल्यांच्या पत्नींना छावणीत आणि मुलांना सरकारी अनाथालयांत धाडण्याचा गुप्त पोलिसांचा लेखी आदेश निघाला होता. स्टालिनग्राडचे आलेक्सांद्र नेव्स्की महामंदिर तर त्यापूर्वीच, १९३२ साली, सुरुंग लावून उडविले गेले होते. या सर्व गोष्टी ध्यानात घेऊन आम्ही त्या सहा नाचणाऱ्या मुलांकडे पाहतो. तरीही ते कारंजे खोटे होते असे म्हणवत नाही. त्याच्या हौदात पाय सोडून बसलेल्या खऱ्या मुलांचा आनंद खराच होता. नगरात पुन्हा शांती नांदू लागेल तेव्हा तेथील चौक खेळणाऱ्या मुलामुलींनी गजबजून जातील, असे जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमविषयी सांगितले आहे. अमुक शासनाच्या काळात खेळणारी मुले या दृष्टान्तातून वगळावीत, असे त्याने कोठे म्हटलेले नाही.

दि. २३ ऑगस्ट १९४२ हा रविवार होता. त्या दुपारी जर्मन हवाई दलाचा चौथा ताफा स्टालिनग्राडवर आला. त्याचा सेनापती वोल्फ्राम फॉन रिश्टहोफेन. एप्रिल १९३७ मध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातील गेर्निका हे कॅथॉलिक गाव बाजाराच्या दिवशी बेचिराख करणाऱ्या काँडोर दलाचा तो प्रमुख अधिकारी होता. पिकासोच्या चित्रामुळे ते गाव सर्वांना ठाऊक आहे. त्या चित्रात मेलेले मूल मांडीवर घेऊन आकांत करणारी आई आहे. गेर्निकात त्याने जे केले तेच शतपट करून तो व्होल्गाकाठी आला. त्या एका दिवसात विमानांनी सुमारे १,६०० उड्डाणे केली आणि १,००० टन बाँब टाकले. शहरातील लाकडी घरांच्या वस्त्या जळून फक्त धुराडी उभी राहिली. तेलाच्या टाक्या फुटून नदीचे पाणी पेटले. त्याच संध्याकाळी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेस व्होल्गापर्यंत पोहोचले. त्यांच्या वाटेवर विमानविरोधी तोफा चालवीत होत्या त्या बहुतांशी शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली. पहिल्या काही दिवसांत चाळीस हजार माणसे मेली असा आकडा सांगितला जातो. इतिहासकारांत त्याविषयी एकमत नाही. नागरिकांना पलीकडच्या तीरावर हलविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते या दिवसानंतर, आणि तेही बाँबच्या वर्षावात. इतका विलंब लावणाऱ्या सोव्हिएत शासनाचा दोष आक्रमकाच्या अपराधाने धुऊन निघत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'तास' या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार इमॅन्युएल येव्झेरिखिन यांनी टिपलेले स्थानकासमोरच्या चौकाचे छायाचित्र याच दिवसाचे म्हणून ओळखले जाते. पुढे कारंजे, हौद कोरडा, सहा मुलांचा फेर अभंग. मागे खिडक्या फुटलेल्या, छपरे कोसळलेल्या इमारती आणि धूर. युद्धावरील असंख्य पुस्तकांत ते छापले गेले आहे. पुढे २००१ साली स्टालिनग्राडच्या लढाईवर निघालेल्या 'एनिमी ॲट द गेट्स' या चित्रपटातही हेच कारंजे उभारून दाखविण्यात आले.

त्या छायाचित्राचा परिणाम कशात आहे? पाहणाऱ्याला विरोध तत्काळ जाणवतो: सारे जळते आहे आणि मुले नाचताहेत. छायाचित्र म्हणून ते बिनतोड आहे. पण ते वारंवार पाहिल्यावर आम्हांस त्यातील एक उणीव खटकू लागली. त्यात एकही जिवंत मूल नाही. दगडी मुले इतकी प्रसिद्ध झाली की खऱ्या मुलांची चौकशी करण्याचे कोणाला सुचू नये, असे जणू घडले. ती चौकशी करावयाची तर छायाचित्र खाली ठेवून कागदपत्रांकडे वळावे लागते.

लढाई २ फेब्रुवारी १९४३ रोजी संपली. सप्टेंबरपासून स्थानकाचा परिसर कधी या पक्षाच्या तर कधी त्या पक्षाच्या ताब्यात गेला होता. शहराची इमारत अशी राहिलीच नव्हती. या भग्नावशेषांत, प्रत्यक्ष रणभूमीच्या पट्ट्यात, किती नागरिक जिवंत उरले याची नोंद नंतर स्थानिक पक्षयंत्रणेने केली. इंग्रज इतिहासकार अँटनी बीव्हर यांनी आपल्या ग्रंथात ती दिली आहे. नागरिक ९,७९६. त्यांपैकी मुले ९९४. आणि या ९९४ मुलांपैकी आईवडिलांची पुन्हा भेट झाली ती नऊ जणांची.

नऊ. हा आकडा आम्ही पुन्हा पडताळून पाहिला. उरलेल्यांपैकी बहुतेकांना सरकारी अनाथालयांत पाठविण्यात आले किंवा मोडतोड उपसण्याच्या कामाला लावण्यात आले. हिवाळ्याचे चारपाच महिने तळघरांत आणि जमिनीत खणलेल्या बिळांत काढल्यामुळे ती मुले उपासमारीने सुजलेली होती. कोपऱ्यात अंग चोरून बसत, बोलत नसत, माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, असे मदतकार्याला आलेल्यांनी लिहून ठेवले आहे.

आपल्या उपासना वर्षात नाताळ होऊन तीन दिवस उलटत नाहीत तोच, २८ डिसेंबरला, निरपराध बालकांचा सण येतो. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांना ख्रिस्तसभा रक्तसाक्षी मानते. त्यांनी श्रद्धा कबूल केलेली नव्हती. त्यांना बोलताही येत नव्हते. हा सण ठेवण्यात ख्रिस्तसभेचे मोठे शहाणपण आहे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. कारण गव्हाणीपुढची गोड गाणी अजून कानांत असतानाच ती आपल्याला राहेलीच्या विलापाकडे वळविते. संत मत्तयाने तो विलाप यिर्मया संदेष्ट्याकडून घेतला आहे आणि त्यातील राहेल कोणाच्याही सांत्वनाला दाद देत नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संपूर्ण शहरे त्यांतील रहिवाशांसह नष्ट करणाऱ्या युद्धकृत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला, तो अशाच शहरांच्या अनुभवातून. त्यांत जर्मन विमानांनी जाळलेली शहरे होती, तशीच हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेनही होती.

याच शहराच्या वेढ्यातून बालपणाचे आणखी एक चित्र जगाला मिळाले. डिसेंबर १९४२ मध्ये आता जर्मन सैन्यच कोंडीत सापडले होते. त्यांच्यात कुर्ट रॉयबर नावाचे एक ल्यूथरन पाळक सैनिकी डॉक्टर म्हणून काम करीत होते. नाताळसाठी त्यांनी एका रशियन नकाशाच्या पाठीमागे कोळशाने चित्र काढले: मोठ्या वस्त्रात स्वतःला आणि बाळाला लपेटून बसलेली माता. कडेने तीन शब्द लिहिले, प्रकाश, जीवन, प्रेम. जमिनीखालच्या खंदकात ते चित्र टांगले गेले आणि सैनिक त्यापुढे निःशब्द उभे राहिले. चित्र अखेरच्या विमानांपैकी एकातून बाहेर गेले. रॉयबर राहिले आणि जानेवारी १९४४ मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत वारले. आज ते चित्र बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मृतिमंदिरात आहे आणि त्याच्या प्रती जर्मनांनी उद्ध्वस्त केलेल्या कॉव्हेंट्रीच्या महामंदिरात व खुद्द व्होल्गोग्राडमध्ये आहेत. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. खंदकात ज्या बाळाच्या चित्रापुढे सैनिक रडले, त्याच वयाची रशियन बाळे तेथून जवळच्या तळघरांत थंडीने मरत होती, आणि त्यांना तेथे लोटणारे सैन्य हेच होते. रॉयबर यांनी हे ओळखले असावे असे आम्हांस वाटते; त्यांनी मातेचे वस्त्र इतके मोठे काढले आहे की त्यात आणखी कोणीही मावू शकेल.

चुकोव्स्कींचा मुलगा बोरिस १९४१ साली युद्धात पडला होता. वडिलांनी १९४२ साली बार्मालेयला पुन्हा बोलावले, तो युद्धकथेतील खलनायक म्हणून. या वेळी त्याला क्षमा नव्हती. ती कथा शासनालाही आवडली नाही. १९४४ साली 'प्रावदा'ने तिच्यावर झोड उठविली. साहित्यदृष्ट्या ती पहिलीच्या जवळपासही जात नाही. पण मुलगा गमावलेल्या बापाकडे पहिल्या कथेतील ती क्षमा शिल्लक राहिली नाही म्हणून त्याला बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही.

युद्धानंतर कारंजे दुरुस्त करून पुन्हा चालू करण्यात आले. परंतु शहराची भव्य पुनर्रचना सुरू झाली आणि १९५१ च्या सुमारास ते काढून टाकले गेले. नव्या स्टालिनग्राडच्या दिमाखात मगर आणि बेडूक बसत नव्हते. १९५४ साली स्थानकाची नवी, मनोऱ्याची इमारत उभी राहिली. साठ वर्षे त्या फेराचे अस्तित्व केवळ छायाचित्रात उरले.

मग २०१३ साली एकाऐवजी दोन कारंजी आली. एक व्होल्गाकाठी, लढाईचे स्मारक म्हणून भग्न ठेवलेल्या गेर्हार्ट गिरणीजवळ, संग्रहालयाच्या आवारात. ते मुद्दाम जखमी अवस्थेत घडविले आहे. दुसरे मूळ जागी, स्थानकासमोर, मूर्तिकार आलेक्सांद्र बुर्गानोव यांचे. अखंड आणि पाणी खेळणारे. दोहोंपैकी कोणते योग्य, हा प्रश्न स्मारके उभारणाऱ्या सर्वांनाच पडतो. भग्न प्रतिकृती शिकविते हे खरे. परंतु फोडण्यासाठीच घडविलेल्या मूर्तीत काही कृत्रिम असते; ती छायाचित्राची प्रतिकृती आहे, कारंज्याची नव्हे. स्थानकासमोरच्या कारंज्यात मात्र आजचे मूल, इतिहासाची एक ओळही ठाऊक नसताना, हात बुडवू शकते. आमचा कौल त्याच्या बाजूने आहे.

त्याच्या उद्घाटनाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. ते २३ ऑगस्ट २०१३ रोजी, बाँबवर्षावाच्या स्मृतिदिनी, 'रात्रीचे लांडगे' या राष्ट्रवादी मोटारसायकल संघटनेच्या पुढाकाराने आणि अध्यक्ष पुतिन यांच्या उपस्थितीत झाले. मुलांच्या फेराला असल्या लवाजम्याची गरज नव्हती. बालपण पुन्हा एकदा शासनाच्या शोभायात्रेत चालविले गेले. आणि त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला, निरपराध बालकांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्या कारंज्यामागच्या स्थानकाच्या दारात आत्मघातकी स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका ट्रॉलीबसमध्ये दुसरा. दोन्ही मिळून चौतीस निरपराध माणसे प्राणास मुकली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. १७ मार्च २०२३ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अध्यक्ष पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्याविरुद्ध अटकेचे आदेश काढले. आरोप असा की व्याप्त युक्रेनमधून मुलांना बेकायदा उचलून रशियात नेण्यात आले. रशिया हा आरोप आणि त्या न्यायालयाचा अधिकार, दोन्ही नाकारतो.

परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी बोलोन्याचे कार्डिनल मात्तेओ झुप्पी यांना शांतिकार्यासाठी नेमले. जून महिन्यात ते प्रथम कीवला आणि मग मॉस्कोला गेले. मॉस्कोत त्यांची ल्वोवा-बेलोवा यांच्याशी भेट झाली. विषय होता मुलांच्या परतीचा. कोणत्याही समारंभावाचून, मुलांच्या नावांच्या याद्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पोहोचविण्याचे हे काम पुढे चालू राहिले. त्यातून काही मुले आपापल्या घरी परतली. यादीतील पुष्कळ नावांपुढची जागा अद्याप रिकामी आहे.